कानाच्या नसेवरची गाठ आणि तीन डॉक्टरांच्या तीन वाटा

पत्र:

आदरणीय डॉक्टर, मी ४४ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपासून उजव्या कानाने कमी ऐकू येते. फोन उजव्या कानाला लावला की आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. त्या कानात सतत शिट्टी वाजल्यासारखे होते आणि अंधारात चालताना तोल जातो. एमआरआयमध्ये उजव्या बाजूला ‘वेस्टिब्युलर श्वानोमा’, २४ मिलिमीटर, हाडातल्या नळीच्या टोकापर्यंत भरलेला, मेंदूच्या देठाला टेकलेला पण तो न दाबणारा, असे लिहून आले आहे. श्रवणतपासणीत उजवा कान ५८ डेसिबल आणि शब्द ओळखण्याचे प्रमाण ३६ टक्के आहे. डावा कान चांगला आहे. पहिले डॉक्टर कानातून शस्त्रक्रिया करू म्हणाले, दुसरे डोक्याच्या मागून, तर तिसऱ्यांनी चिरफाड नकोच, ‘गॅमा नाइफ’ हा किरणोपचार घ्या असे सांगितले. कानातून केली तर त्या कानाचे ऐकू येणे पूर्ण जाणार, म्हणून तिकडे मन घेत नाही. ओळखीतल्या एकांचा चेहरा अशाच शस्त्रक्रियेनंतर वाकडा झाला, ती धास्ती वेगळीच. शिवाय मे महिन्यात मुलीचे लग्न आहे. तिघांपैकी कोणाचे खरे मानू?
– एक शिक्षिका

उत्तर:

बाई, शाळेत तुम्हाला सगळे ‘बाई’ म्हणत असतील, म्हणून मीही तसेच म्हणतो. तिघांपैकी कोणीही तुम्हाला चुकीचे सांगितलेले नाही. या गाठीपर्यंत पोहोचण्याच्या वाटा खरोखरच एकाहून अधिक आहेत, आणि डॉक्टर सहसा ती वाट सुचवतो जिच्यावरून तो स्वतः अनेकदा गेलेला असतो. मेंदूचे सर्जन प्रशिक्षणापासूनच कवटीच्या मागच्या बाजूने आत जायला शिकतात, कानाचे सर्जन कानामागचे हाड कोरण्यात आयुष्य घालवतात, आणि किरणोपचार करणाऱ्याला किरणांनी स्थिरावलेल्या गाठी रोज दिसतात. मी स्वतः कानाचा सर्जन आहे, तेव्हा माझा कल कुठे झुकेल हे तुम्ही ओळखलेच असेल; माझे उत्तर वाचताना तेवढी वजावट जरूर करा.

ही गाठ कर्करोगाची नाही. तिला ‘अकूस्टिक न्यूरोमा’ असेही म्हणतात, पण ती उगवते ऐकण्याच्या नसेवर नव्हे, तर तिला चिकटून जाणाऱ्या तोल सांभाळणाऱ्या नसेच्या वेष्टनातून. अशा बहुतेक गाठी सावकाश, सरासरीने वर्षाला एक-दोन मिलिमीटर वाढतात आणि काही तर वर्षानुवर्षे तसूभरही वाढत नाहीत. दोन्ही बाजूंना गाठी असत्या तर एका आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागला असता. तुमची एकाच बाजूला आहे, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

शस्त्रक्रियेचा सगळा पेच जागेमुळे उभा राहतो. कानाच्या आतल्या हाडात साधारण एक सेंटिमीटर लांबीची एक अरुंद नळी आहे. त्या नळीतून ऐकण्याची नस, तोल सांभाळणाऱ्या नसेच्या दोन शाखा आणि चेहरा हलवणारी नस अशा चौघी जणी एकमेकींना खेटून मेंदूकडे जातात. गाठ नळीत सुरू होते, नळी भरली की आतल्या मोकळ्या कोपऱ्यात डोकावते आणि पुढे मेंदूच्या देठापर्यंत पोहोचते. तुमची तिथे टेकली आहे. या वाढीत चेहऱ्याची नस बहुतेक वेळा गाठीच्या पुढच्या, म्हणजे सर्जनच्या दृष्टीने पलीकडच्या अंगावर ताणली जाते आणि ओल्या कागदाच्या पट्टीसारखी पातळ, चपटी होते. तुम्हाला ज्याची धास्ती वाटते तो वाकडा चेहरा या पट्टीमुळे होतो.

कोणतीही वाट निवडण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: गाठ किती मोठी आहे, ती नळीत किती खोलवर भरली आहे आणि त्या कानात उपयोगाचे ऐकू येणे किती उरले आहे. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत, म्हणून तुम्हाला थोडे नेमके उत्तर देता येते.

पहिली वाट कानातून जाते. वैद्यकीय भाषेत तिला ‘ट्रान्सलॅबिरिंथाइन’ म्हणतात. कानामागे चीर देऊन तिथले पोकळ्यांनी भरलेले हाड ड्रिलने कोरत आत जायचे आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका काढून टाकून नळीचे दार उघडायचे, अशी ती पद्धत आहे. लोकांना वाटते की कानातून म्हणजे छोटी, सोपी शस्त्रक्रिया. तसे मुळीच नाही, नुसते हाड कोरण्यातच काही तास जातात. पण या कष्टांचे मोल असे की मेंदूला जवळजवळ हात लावावा लागत नाही, आणि नळीच्या बाहेरच्या टोकाशी, जिथे चेहऱ्याची नस गाठीपासून अजून वेगळी असते, तिथेच ती सापडते. एकदा ती हाती लागली की तिचा माग धरून गाठ तिच्यापासून सोडवत नेता येते. शेवटी झालेली पोकळी पोटावरच्या चरबीच्या छोट्या तुकड्यांनी बुजवतात, म्हणून पोटावरही एक लहानसा व्रण राहतो. तो पाहून घाबरू नका. तोटा तुम्ही ओळखलाच आहे: आतला कान उघडला गेला की त्या कानाचे उरलेसुरले ऐकू येणे संपते.

दुसरी वाट कानाच्या मागे, मानेच्या वरच्या बाजूने जाते. तिला ‘रेट्रोसिग्मॉइड’ म्हणतात. मेंदूतून रक्त परत आणणारी एक मोठी शीर तिथे हाडाला लागून असते, तिच्या मागच्या अंगाला कवटीत सुमारे रुपयाच्या नाण्याएवढी किंवा थोडी मोठी खिडकी करतात आणि लहान मेंदू हलकेच बाजूला धरून गाठीपर्यंत जातात. इथे आतला कान शाबूत राहतो, म्हणून ऐकू येणे वाचण्याची शक्यता उरते. मोठ्या गाठींसाठीही ही वाट चांगली आहे, कारण मेंदूचा देठ आणि गाठ यांच्यामधली जागा सर्जनला समोर दिसते. अडचण दुसऱ्या टोकाला येते. नळीच्या अगदी बाहेरच्या कोपऱ्यात भरलेला गाठीचा भाग सरळ दिसत नाही, कारण मध्ये तोच आतला कान आडवा येतो, जो वाचवायचा असतो. काही सर्जन तिथे दुर्बिणीने डोकावतात, पण कोपरा तो कोपराच. शिवाय या वाटेनंतर डोकेदुखी काही रुग्णांना महिनोन्महिने छळते; हाडाचा भुगा आत पडणे आणि मानेचे स्नायू आतल्या आवरणाला चिकटणे ही त्याची कारणे मानली जातात, आणि काढलेले हाड परत बसवले तर तो त्रास कमी होतो.

तिसरी वाट कानाच्या वरून, मेंदूचा बाजूचा भाग किंचित उचलून जाते, तिला ‘मिडल फॉसा’ म्हणतात. ती नळीपुरत्याच मर्यादित छोट्या गाठींसाठी आणि चांगले ऐकू येणाऱ्या कानासाठी आहे. तुमच्या गाठीला ती लागू नाही, म्हणून तुमच्यापुढे कोणी मांडलीही नसेल. एवढेच लक्षात ठेवा की तिथे चेहऱ्याची नस सर्जन आणि गाठ यांच्या मध्ये येते, त्यामुळे काही काळ चेहरा कमजोर राहण्याचा संभव तिथे अधिक असतो. एखाद्या ओळखीच्या व्यक्तीची कवटी ‘वरून’ उघडली होती, असे कोणी सांगितले तर ती गोष्ट वेगळी आणि तुमची वेगळी.

आता तुमच्या मनातला मूळ काटा, म्हणजे ऐकू येणे वाचवायचे की नाही. या क्षेत्रात एक जुना ढोबळ निकष आहे: ५० डेसिबलपर्यंतचा उंबरठा (म्हणजे जेमतेम ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज; हा आकडा जितका मोठा तितके ऐकू येणे कमी) आणि किमान ५० टक्के शब्द ओळखता येणे, इतके असेल तर ते ऐकणे उपयोगाचे धरतात. तुमचा उजवा कान ५८ डेसिबल आणि ३६ टक्के, म्हणजे दोन्ही बाजूंनी या रेषेच्या पलीकडे गेला आहे. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की फोनवर आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. श्रवणतपासणीच्या कागदावर जे आकड्यांत आहे तेच तुम्ही तुमच्या शब्दांत सांगितले आहे. दुसरे असे की दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, नळीच्या टोकापर्यंत भरलेली गाठ असेल तर ऐकू येणे वाचवण्याचा प्रयत्न करूनही तो बहुतेकदा फसतो. म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो: तुमच्या बाबतीत उरलेल्या ऐकण्याच्या आशेवर शस्त्रक्रियेची वाट ठरवू नये. ३६ टक्क्यांसाठी चेहऱ्याची नस किंवा गाठीचा कोपरा डावावर लावणे मला पटत नाही. तुमचा कान ३० डेसिबल आणि ८० टक्के असता तर मी अगदी उलट लिहिले असते, आणि मग दुसऱ्या डॉक्टरांची वाट माझीही पहिली पसंती ठरली असती.

याचा अर्थ दुसरी वाट तुमच्यासाठी चुकीची आहे, असा नाही. ऐकण्याचा मुद्दा बाजूला ठेवला की दोन्ही वाटांनी तुमची गाठ काढता येते. चेहरा वाचण्याचा संबंध वाटेपेक्षा गाठीच्या आकाराशी, ती नसेला किती चिकटली आहे याच्याशी आणि सर्जनच्या हाताला असलेल्या सवयीशी अधिक असतो. मेंदूभोवतीचे पाणी नाकावाटे किंवा जखमेतून गळण्याचा धोका तर सगळ्या वाटांत जवळजवळ सारखाच, दहा टक्क्यांच्या आसपास आढळला आहे. म्हणून वर्षाला दोन-तीनच अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या हातून ‘योग्य’ वाटेने जाण्यापेक्षा, वर्षानुवर्षे दुसऱ्या वाटेने जाणाऱ्या सरावलेल्या जोडीकडे जाणे मी केव्हाही पसंत करीन. ‘जोडी’ म्हणतो ते जाणूनबुजून. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस या कानाच्या सर्जनने विल्यम हिट्सेलबर्गर या मेंदूच्या सर्जनला सोबत घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली कानातून या गाठी काढायला सुरुवात केली. त्याआधी या शस्त्रक्रियेत माणूस वाचणे हेच यश मानले जाई. हार्वी कुशिंग यांनी १९१७च्या आपल्या ग्रंथात गाठ पूर्ण न काढता आतून पोखरण्याचा आग्रह धरला होता, तो या मृत्यूंच्या धास्तीनेच. आज अनुभवी हातांत मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याहून कमी आहे आणि चर्चा चेहऱ्याच्या हसण्यावर आली आहे, हीच मोठी मजल आहे.

चेहऱ्याबद्दल तुमच्या ओळखीतल्या गृहस्थांचे उदाहरण खरे असेल, पण त्यांची गाठ किती मोठी होती हे कळल्याशिवाय ते तुम्हाला लागू करू नका. शस्त्रक्रियेच्या वेळी चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया बसवून नस विजेच्या सूक्ष्म धक्क्यांनी सतत तपासतात. ही सोय नसेल तिथे शस्त्रक्रिया करून घेऊ नका, मग सर्जन कितीही नामांकित असो. नंतर चेहऱ्याची ताकद सहा पायऱ्यांच्या मापावर मोजतात, पहिली म्हणजे पूर्ण निरोगी आणि सहावी म्हणजे काहीच हालचाल नाही. नस अखंड राहूनही चेहरा काही आठवडे किंवा महिने ढिला पडू शकतो आणि हळूहळू परत येतो. असा उशिरा येणारा चेहरा बघून घरच्यांनी धीर सोडू नये. त्या काळात खरी काळजी घ्यायची ती डोळ्याची. डोळा पूर्ण मिटत नसेल तर दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी हे नियम पाळा. त्याच बाजूचा गाल किंवा डोळा बधिर वाटत असेल तर नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा, कारण बधिर डोळ्याला कचरा गेलेला कळत नाही आणि बुबुळावर जखम होते.

यातूनच एक गोष्ट निघते, जी अनेक रुग्णांना ऐकून वाईट वाटते. गाठीचा एखादा पातळ थर नसेला घट्ट चिकटला असेल तर शहाणा सर्जन तो तिथेच सोडतो आणि पुढे दरवर्षी एमआरआय करून त्याच्यावर नजर ठेवतो. वाढलाच तर त्यावर किरणोपचार करता येतात. ‘सगळी गाठ काढली का?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, आणि ‘नाही, थोडी ठेवली’ हे उत्तर ऐकून त्यांचे चेहरे उतरतात. माझ्या मते ते उत्तर बहुतेक वेळा सर्जनने तुमची बाजू घेतल्याची खूण असते. म्हणून तुमच्या सर्जनला आधीच विचारा की गाठ नसेला चिकटलेली निघाली तर तुम्ही काय कराल. जो ‘बघू’ म्हणतो त्यापेक्षा जो ‘थोडी ठेवीन’ म्हणतो तो मला जास्त विश्वासाचा वाटतो. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता आणि तुमच्या आकाराच्या गाठींत चेहरा किती जणांचा नीट राहिला, हेही विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

तिसऱ्या डॉक्टरांच्या गॅमा नाइफबद्दल थोडे. स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल यांनी १९६९ साली या गाठीवर पहिल्यांदा ही पद्धत वापरली. चीर नाही, बारीक किरण एका ठिकाणी एकवटून गाठीची वाढ थांबवायची. गाठ नाहीशी होत नाही, पण बहुसंख्य रुग्णांत ती स्थिरावते किंवा हळूहळू आक्रसते. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींना ही पद्धत चालते, म्हणजे तुमच्या गाठीला चालेल. पण तुमची गाठ देठाला टेकली आहे आणि किरणांनंतर पहिल्या काही महिन्यांत गाठ थोडी फुगू शकते, त्यामुळे तुम्हाला स्टेरॉइड गोळ्यांचा आणि सावध देखरेखीचा टप्पा ओलांडावा लागेल. ऐकू येणे किरणांनंतरही पुढच्या वर्षांत हळूहळू कमी होत जाते, तेव्हा ऐकण्यासाठी म्हणून गॅमा नाइफ निवडू नका. आणि किरण दिल्यानंतर पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली तर नस अधिक चिकटलेली सापडते. वय ६५ असते किंवा हृदयाचा आजार असता तर मी गॅमा नाइफ आधी सुचवला असता. ४४व्या वर्षी, अंधारात तोल जातो आणि पुढचे आयुष्य लांब आहे, हे धरून मी शस्त्रक्रियेच्या बाजूने झुकतो. पण ज्या केंद्रात दोन्ही सोयी एकाच छताखाली आहेत तिथे एकदा एकत्रित मत घ्या. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत कान आणि मेंदू दोन्ही विभागांचे सर्जन एकाच टेबलावर बसून तुमची फिल्म बघतील असे ठिकाण शोधा. जाताना रिपोर्टचा कागद पुरेसा नाही, एमआरआयची सीडी सोबत घ्या. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा. दाखल झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते बरे.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस थोडक्यात सांगतो. एक-दोन दिवस अतिदक्षता विभाग, नंतर आठवडाभराच्या आसपास रुग्णालय. पहिले काही दिवस खोली फिरते, पण तुमची तोल सांभाळणारी उजवी नस गाठीमुळे आधीच बरीच निकामी झाली आहे, त्यामुळे मेंदूने डाव्या बाजूच्या भरवशावर काम सुरू केले आहे; जितके लवकर चालाल, मान फिरवाल, व्यायाम कराल तितका तोल लवकर परत येतो. अंथरुणाला खिळून राहण्याचे लाड कोणाला करू देऊ नका. नाकातून खारट पाणी टपकले, विशेषतः खाली वाकल्यावर, तर ते सर्दी समजून घरी बसू नका. स्कूटी तुमचा सर्जन सांगेपर्यंत बंद ठेवा. कानातली शिट्टी मात्र शस्त्रक्रियेने जाईलच असे नाही. ती काहींची कमी होते, काहींची तशीच राहते.

वर्गात एका कानाने कसे चालेल, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो मनात असेलच. आजही तुम्ही जवळजवळ एकाच कानाने शिकवता आहात. मुले डाव्या बाजूला येतील अशी बाकांची मांडणी करा. पुढे हवे असेल तर उजव्या बाजूचा आवाज डाव्या कानाकडे पाठवणारे श्रवणयंत्र मिळते. ते घेण्याआधी काही आठवडे वापरून पाहा, कारण काहींना ते आवडते आणि काहींच्या कपाटात पडून राहते. कोण कुठून हाक मारते आहे हे एका कानाने कळत नाही, त्यामुळे रस्ता ओलांडताना मान दोन्हीकडे वळवायची सवय मात्र आतापासून लावा.

राहिला लग्नाचा प्रश्न. गाठीच्या वाढीचा सरासरी वेग पाहता तीन-चार महिन्यांनी फार फरक पडत नाही, आणि एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया करून मे महिन्यात मांडवात डगमगत, एक डोळा अर्धवट मिटत उभे राहण्यापेक्षा ती लग्नानंतर करणे मला तरी बरे वाटते. मात्र ते तुमच्या सर्जनच्या संमतीने आणि मध्ये एक एमआरआय करूनच. या काळात सकाळी उठल्यावर डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, नजर धूसर झाली, उजवा गाल बधिर पडू लागला किंवा चालणे झपाट्याने बिघडले, तर तारखेचा विचार न करता त्याच दिवशी रुग्णालयात जा. तसे काही झाले नाही, तर शस्त्रक्रिया जूनमध्ये ठरवा, आणि शाळा सुरू होण्याच्या सुमारास रजा लागेल हे मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून ठेवा. साधारण सहा ते आठ आठवडे धरा.